अकरावीचे विषय ठरवण्याआधी: सोलापुरातील विद्यार्थी आणि पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

बारावीचा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात मला विचारला जाणारा सर्वांत अवघड प्रश्न दरवर्षी साधारण सारखाच असतो. "सर, मला आता कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचे आहे, पण अकरावीत गणित सोडले होते, काही करता येईल का?" विचारणारी मुलगी हुशार असते, टक्के चांगले असतात, घरच्यांची खर्च करण्याची तयारीही असते, मात्र दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात, महाविद्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहून भरलेल्या अर्जातील एका रकान्याने तो मार्ग बंद केलेला असतो. त्या वेळी घरात चर्चा झालेली असते ती "सायन्स की कॉमर्स" एवढीच. विज्ञान शाखेत नेमके कोणते सहा विषय घ्यायचे आणि त्यांपैकी एखादा सोडल्यास पुढे काय गमवावे लागेल, याचा विचार करायला कुणालाच सवड मिळालेली नसते.

हा लेख त्या सवडीसाठी आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि निकाल मे महिन्यात लागतो. मधले सहा-सात आठवडे या कामासाठी पुरेसे आहेत. नववीतच सुरुवात केली तर अधिक बरे.

पहिली पायरी: शेवटाकडून सुरुवात करणारी वही

एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि विद्यार्थ्याला आवडू शकतील अशा तीन कामांची नावे तीन वेगवेगळ्या पानांवर लिहावीत. एकच नाव लिहू नये, कारण पंधराव्या वर्षी ठरवलेले एकुलते एक स्वप्न दोन वर्षांत बदलू शकते. दहा नावेही लिहू नयेत, कारण मग वहीचा उपयोग राहत नाही. प्रत्येक पानावर पाच गोष्टी नोंदवाव्यात: त्या कामासाठी कोणती पदवी किंवा पदविका लागते, तिच्या प्रवेशासाठी बारावीत कोणते विषय अनिवार्य आहेत, त्या विषयांत किमान किती टक्के लागतात, कोणती प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि संपूर्ण शिक्षणाला किती वर्षे व साधारण किती खर्च येतो. ही माहिती शेजाऱ्याकडून किंवा क्लासच्या जाहिरातीतून घेऊ नये. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, प्रत्येक अभ्यासक्रमाची माहितीपुस्तिका दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि तिच्यातील पात्रतेचे प्रकरण चार-पाच पानांचे असते. ते पालकांनी मुलासोबत बसून वाचावे.

सोलापूरकरांना जवळचे उदाहरण टॉवेलचे आहे. पूर्व भागातील एखाद्या कारखान्यात तयार होणारा टेरी टॉवेल पाहा. त्याचा धागा, विणकाम, रंगाई आणि यंत्रे यांचे शास्त्र शिकायचे असेल तर वस्त्र अभियांत्रिकीकडे जावे लागेल आणि त्यासाठी बारावीत भौतिकशास्त्र व गणित हवे; इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये हे शिक्षण मिळते. त्याच टॉवेलवरील नक्षी, रंगसंगती आणि बाजाराची आवड यांत रस असेल तर डिझाइनच्या अनेक पदव्यांना बारावीची कोणतीही शाखा चालते, तेथे महत्त्व प्रवेश परीक्षेला आणि चित्रांच्या संग्रहाला असते. तोच माल परदेशी पाठवण्याचा, त्याच्या हिशेबाचा आणि कर्जाचा व्यवहार सांभाळायचा असेल तर वाणिज्य शाखा हीच सरळ वाट आहे. तिघेही एकाच धंद्यात येणार, परंतु अकरावीच्या अर्जात तिघांनी भरायचे रकाने पूर्णपणे वेगळे आहेत. वडिलांचा धंदा मुलाने पुढे न्यायचा असे घरात ठरलेले असले, तरी तो कोणत्या बाजूने न्यायचा हा प्रश्न विचारल्याशिवाय विषय ठरवता येत नाहीत.

दुसरी पायरी: कोणत्या विषयाने कोणते दार उघडते

राज्य मंडळाची बारावीची परीक्षा सहाशे गुणांची असते. इंग्रजी सर्वांना अनिवार्य आहे. त्याशिवाय एक दुसरी भाषा आणि चार वैकल्पिक विषय अशी सर्वसाधारण रचना असते. पर्यावरण शिक्षण आणि शारीरिक शिक्षण यांना श्रेणी दिली जाते. विज्ञान शाखेतील निर्णय खऱ्या अर्थाने चौथ्या विषयापाशी अडतो, म्हणून तेथे सर्वांत जास्त वेळ द्यावा.

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र बहुतेक सगळेच घेतात. त्यांच्यासोबत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले तर अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण, कृषी असे सर्व मार्ग दोन वर्षे उघडे राहतात. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा थेट मार्ग बंद होतो, आणि त्यासोबत बी.एस्सी. नर्सिंगचाही. गणित सोडले तर अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र जाते, तसेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील नौदल व हवाई दल शाखाही जाते, कारण तेथे बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. भूदल शाखेला मात्र कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो आणि ही गोष्ट कला शाखेच्या फार थोड्या मुलांना माहीत असते. बी.फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणतेही एक चालते. कृषी पदवीसाठी गणित गट आणि जीवशास्त्र गट अशा दोन्ही गटांतील विद्यार्थी पात्र असतात. ज्या जिल्ह्यात डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र केगावला आहे, तेथील शेतकरी कुटुंबांनी कृषी पदवी हा "मेडिकल हुकले म्हणून" निवडलेला पर्याय समजू नये, असे मला मनापासून वाटते.

याच टप्प्यावर द्विलक्षी, म्हणजे रूढ भाषेत बायफोकल, विषयांचा मोह पडतो. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत देखभाल असे हे विषय प्रत्येकी दोनशे गुणांचे असतात आणि ते घेणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरी भाषा व एक वैकल्पिक विषय सोडावा लागतो. त्यांच्या प्रात्यक्षिकांचे गुण चांगले मिळतात, त्यामुळे एकूण टक्केवारी वाढते आणि महाविद्यालयांत त्यांची गुणवत्ता यादीही वर जाते. तथापि, गणितासोबत संगणकशास्त्र घेणाऱ्याचे जीवशास्त्र सुटते, हे अर्ज भरताना स्पष्ट समजलेले असावे. अभियांत्रिकीच हवी याविषयी खात्री असलेल्या मुलाने बायफोकल जरूर घ्यावे. खात्री नसलेल्याने घेऊ नये, असे माझे मत आहे. ज्याला संगणकाची आवड आहे परंतु दोन्ही गट हातात ठेवायचे आहेत, त्याने दुसऱ्या भाषेऐवजी शंभर गुणांचा माहिती तंत्रज्ञान हा विषय आपल्या महाविद्यालयात उपलब्ध आहे का ते विचारावे. तो घेतला तरी चारही शास्त्रविषय राहतात.

चारही शास्त्रविषय घेण्याचा भार मोठा असतो, हेही तितकेच खरे आहे. दहावीत गणिताने ज्याला रडवले आहे आणि ज्याला परिचर्या किंवा औषधनिर्माण शास्त्राकडेच जायचे आहे, त्याने केवळ "असू द्यावे" म्हणून गणित घेऊन दोन वर्षे स्वतःला शिणवण्याची गरज नाही. दार उघडे ठेवण्याची किंमत रोज दोन तास अभ्यास अशी असते, आणि ती किंमत परवडते का याचे उत्तर विद्यार्थ्यानेच द्यायचे आहे.

वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र आणि वाणिज्य संघटन हे विषय जवळजवळ ठरलेले असतात. निवड असते ती गणित आणि चिटणिसाची कार्यपद्धती यांत. अनेक विद्यार्थी गणित टाळण्यासाठीच वाणिज्य घेतात, म्हणून दुसरा विषय निवडतात. सनदी लेखापाल व्हायचे असेल तर हा निर्णय पुन्हा तपासावा. सीए फाउंडेशनच्या चार पत्रिकांपैकी एक पूर्ण पत्रिका गणित, तर्क आणि संख्याशास्त्राची असते, प्रत्येक पत्रिकेत किमान चाळीस टक्के आणि एकूण पन्नास टक्के मिळवावे लागतात, आणि दोन वर्षे गणिताला हात न लावलेल्या मुलाला तीच पत्रिका अडवते. फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतर करता येते, परीक्षा बारावीनंतर देता येते. बीबीए, बीसीए यांसारख्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठीही २०२४ पासून राज्याची स्वतंत्र सीईटी आहे, हे वाणिज्य शाखेच्या पालकांनी विसरू नये.

कला शाखेविषयी आपल्याकडे जो सूर लावला जातो तो अन्यायकारक आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला बारावीची कोणतीही शाखा चालते, आणि इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र हे विषय या दोन्ही मार्गांवर थेट उपयोगी पडतात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषांच्या शहरात वाढलेल्या मुलाकडे भाषांतर, पत्रकारिता आणि अध्यापन या क्षेत्रांसाठी जी पुंजी असते, ती अन्य शहरांतील मुलांकडे क्वचितच असते. मात्र कला शाखेत विषय उपलब्ध असण्याचा प्रश्न मोठा आहे; मानसशास्त्रासारखा विषय सर्वत्र शिकवला जात नाही, म्हणून महाविद्यालयाचे नाव लिहिण्याआधी तेथील विषयांची यादी पाहावी.

आणखी एक नियम सर्वांनी लक्षात ठेवावा. विज्ञान शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी पुढे कला, वाणिज्य किंवा विधी शाखेकडे जाऊ शकतो. कला किंवा वाणिज्य शाखेतून विज्ञानाकडे जाण्याची वाट नाही. हा नियम सांगून अनेक पालक मुलाला मनाविरुद्ध विज्ञानात घालतात. वाट आहे म्हणून दोन वर्षे नावडत्या विषयांत घालवावीत असा त्याचा अर्थ होत नाही.

तिसरी पायरी: बारावी न करताही पुढे जाता येते

दहावीनंतर तीन वर्षांची तंत्रनिकेतन पदविका हा मार्ग सोलापुरात जुना आणि भक्कम आहे. शासकीय तंत्रनिकेतनात प्रवेश मिळण्यासारखे गुण असतील तर त्याचा गंभीरपणे विचार करावा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, कोणतीही प्रवेश परीक्षा नसते, आणि पदविका पूर्ण झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. म्हणजे एकूण वर्षे बारावीच्या मार्गापेक्षा फारशी वाढत नाहीत आणि मध्येच थांबावे लागले तरी हातात नोकरीयोग्य पात्रता असते. ज्या घरात एकाच कमावत्या माणसावर सगळा भार आहे, तेथे ही शेवटची गोष्ट फार मोलाची ठरते. अट एवढीच की मुलाला अभियांत्रिकीच हवी असली पाहिजे, कारण पदविकेतून वैद्यकीय शाखेकडे वळता येत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे आणि वेल्डर हा एक वर्षाचा व्यवसाय अभ्यासक्रम आहे. चिंचोळीची औद्योगिक वसाहत, जिल्ह्यातील साखर कारखाने, रेल्वेचे विभागीय कार्यालय आणि फताटेवाडीचा औष्णिक वीज प्रकल्प यांच्या आसपास राहणाऱ्या मुलांनी या व्यवसायांकडे कमीपणाने पाहू नये. आयटीआय झालेल्या विद्यार्थ्याला पुढे पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोयही आहे.

चौथी पायरी: माध्यमाचा बदल ओळखून तयारी

मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलासाठी अकरावी विज्ञानातील पहिले तीन महिने सर्वांत कठीण असतात, कारण विषय तोच असूनही सगळे शब्द बदललेले असतात. "संवेग" समजलेल्या मुलाला "मोमेंटम" ऐकताना तो नवा धडा वाटतो. यावर उपाय सुट्टीतच करावा. दहावीचे विज्ञान आणि गणित यांची इंग्रजी माध्यमाची पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात. आपल्या माध्यमाचे पुस्तक एका बाजूला आणि इंग्रजी पुस्तक दुसऱ्या बाजूला ठेवून रोज एक प्रकरण वाचावे आणि शब्दांच्या जोड्या वहीत लिहाव्यात. दीड महिन्यात दोन्ही विषय होतात.

प्रवेश परीक्षांच्या भाषेविषयीही माहिती असावी. नीट मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूसह तेरा भाषांत देता येते. राज्याच्या एमएचटी-सीईटीमध्ये, म्हणजे अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी प्रवेशाच्या परीक्षेत, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतून किंवा उर्दूतून निवडता येते, परंतु गणिताची पत्रिका केवळ इंग्रजीत असते. म्हणून अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याला इंग्रजी गणिताचा सराव टाळता येत नाही.

पाचवी पायरी: प्रवेश अर्ज

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले, त्यामुळे सोलापूर शहराप्रमाणेच बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट येथील विद्यार्थ्यांनाही हीच प्रक्रिया लागू झाली. अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती आणि आरक्षणाचा तपशील असतो, दुसऱ्या भागात महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे असतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर केवळ प्रतिष्ठेसाठी नाव लिहू नये, तर जेथे खरोखर दोन वर्षे जायचे आहे तेच नाव लिहावे.

पसंतीक्रम ठरवताना दयानंद, संगमेश्वर, वालचंद, हिराचंद नेमचंद ही परिचित नावे सर्वांच्या तोंडी असतात. नावाबरोबर तीन गोष्टी तपासाव्यात: आपल्याला हवी असलेली विषयांची जोडी तेथे आहे का, ती तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, आणि घरापासून जाण्यायेण्यास किती वेळ लागतो. अनुदानित व विनाअनुदानित तुकडीच्या शुल्कात मोठा फरक असतो आणि एकाच महाविद्यालयात दोन्ही असू शकतात. गावाकडून रोज एसटीने येणाऱ्या मुलीसाठी शेवटची बस किती वाजता आहे, हा प्रश्न मागील वर्षीच्या गुणवत्ता यादीइतकाच महत्त्वाचा आहे.

सहावी पायरी: दोन वर्षांचे नियोजन

एमएचटी-सीईटीमध्ये सुमारे वीस टक्के प्रश्न अकरावीवर आणि ऐंशी टक्के बारावीवर असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. नीटमध्ये एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, आणि अकरावीचा अभ्यासक्रम जवळजवळ बरोबरीने येतो. यावरून हे स्पष्ट होते की "अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष" ही समजूत नीट देणाऱ्या मुलासाठी घातक आहे.

त्याहून मोठी चूक मंडळाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करण्याची आहे. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीवर लागत असली, तरी बारावीत गटातील तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी पंचेचाळीस टक्के आणि राज्यातील राखीव प्रवर्गासाठी चाळीस टक्के आवश्यक असतात. नीटसाठी हीच अट अनुक्रमे पन्नास आणि चाळीस टक्के आहे. जेईई मेन या राष्ट्रीय अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेतून एनआयटीत, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, जाणाऱ्याला बारावीत पंच्याहत्तर टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पासष्ट टक्के, किंवा आपल्या मंडळातील सर्वोच्च वीस टक्क्यांत स्थान लागते. सीईटीत उत्तम पर्सेंटाइल मिळवून बारावीत दोन टक्क्यांनी अपात्र ठरलेला विद्यार्थी मी पाहिला आहे. त्याच्या वडिलांनी क्लाससाठी घर गहाण ठेवले होते.

लातूर किंवा कोटा येथे पाठवायचे का, हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात निघतो. नाव एका महाविद्यालयात आणि प्रत्यक्ष मुलगा दुसऱ्या गावी क्लासला, ही पद्धत मला मान्य नाही. प्रयोगशाळेत एकदाही न गेलेल्या मुलाला प्रात्यक्षिक परीक्षेत अडचण येते, मंडळाची पंच्याहत्तर टक्के उपस्थितीची अट असते, आणि सोळाव्या वर्षी घर सोडून दिवसाचे चौदा तास अभ्यास करणे प्रत्येकाच्या मनाला झेपत नाही. सोलापुरात राहून महाविद्यालय, एक चांगला क्लास आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा नियमित सराव एवढ्यावर प्रवेश मिळवणारी मुले दरवर्षी असतात.

सातवी पायरी: कागदपत्रे अकरावीतच

या पायरीकडे होणाऱ्या दुर्लक्षामुळे जेवढे प्रवेश बुडतात, तेवढे गुणांमुळेही बुडत नसावेत. जातीचे प्रमाणपत्र हाती असणे पुरेसे नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमातील राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, लागते आणि ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र समिती असते. अकरावीत प्रवेश झाला की महाविद्यालयाच्या शिफारशीसह अर्ज करावा, कारण त्रुटी निघाल्यास महिने जातात.

सर्वांत जास्त अडचण जुन्या पुराव्याची येते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा आणि जातीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबा तेलंगणातून किंवा कर्नाटकातून गिरणीत आणि मागावर कामासाठी आलेल्या सोलापुरातील हजारो कुटुंबांसाठी हा खरा पेच आहे. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीतील उतारा, जुनी मालमत्ता नोंद असे कागद शोधायला वेळ लागतो. कधी ज्या शाळेत आजोबा शिकले ती शाळाच बंद झालेली असते. हा शोध बारावीच्या मे महिन्यात सुरू करू नये.

याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, लागू असल्यास नॉन-क्रीमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे, प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून किंवा सेतू केंद्रातून घ्यावे आणि त्यांची मुदत तपासावी. कागदपत्रांतील नावाचे स्पेलिंग आधार, दहावीचे गुणपत्रक आणि दाखला या तिन्हींत सारखे असावे. शुल्काची चिंता असलेल्या पालकांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवून ठेवावी: २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. मुलीला "खर्च झेपणार नाही" म्हणून अकरावीतच सोप्या विषयांकडे वळवण्याआधी हा निर्णय वाचावा.

काही बिघडले तर

दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीच्या सवलतीने अकरावीत प्रवेश मिळतो, आणि जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत ते विषय सोडवता येतात. अकरावीत विषय झेपत नसल्याचे लक्षात आले, तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट न पाहता पहिल्या घटक चाचणीनंतरच वर्गशिक्षकांना भेटावे. विषय किंवा शाखा बदलण्याची मुदत मर्यादित असते आणि ती संपल्यावर पूर्ण वर्ष तसेच काढावे लागते. त्या भेटीला जाताना पहिल्या पायरीत तयार केलेली वही सोबत न्यावी, तिन्ही पाने पुन्हा वाचावीत, आणि जे काम आता नकोसे झाले आहे त्याच्या पानावर काट मारून उरलेल्या दोन पानांतील विषयांशी अकरावीचे विषय जुळतात का, ते शिक्षकांसमोर बसून तपासावे.